त्या चौघांचं काय झालं?

उमापूरकरांनो, गेवराई तालुक्यातल्या मायबापांनो, एक बातमी तुम्ही दर साल वाचता. एकदा मिरगाच्या तोंडावर, एकदा परतीच्या पावसात. ‘वीज कोसळून एक ठार, चार जखमी.’ गावाचं नाव बदलतं, शिवार बदलतं, बाकी मजकूर तोच. जो गेला त्याचं नाव येतं, वय येतं, मागं कोण कोण आहे ते येतं. पुढारी दारात बसून जातात. तलाठी पंचनामा करतो, कागद तहसीलला जातात. त्या चौघांच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते : उपचार सुरू आहेत.

ते उपचार कधी संपले? संपले तरी का? ते चौघं पुढच्या वेचणीला वावरात उभे राहिले का? त्यात एखादी बाई असेल तर तिला पुन्हा कधी रात्रभर सलग झोप लागली का? वर्तमानपत्राला माहीत नाही, तहसीलला माहीत नाही, आणि खरं बोलायचं तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यालाही माहीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात वीज पडून गेलेल्या माणसांचा आकडा आहे २,८८७. त्या वर्षी निसर्गाच्या कोपानं जे ८,०६० जीव गेले, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा एकट्या विजेचा. हा झाला गेलेल्यांचा हिशेब. विजेच्या तडाख्यात सापडलेल्या दहांपैकी नऊ जण जगतात, असा अमेरिकेतल्या डॉक्टरांचा अनुभव आहे. आपल्याकडे दवाखाना लांब, रस्ता चिखलाचा, पहिली मदत कुणाला येत नाही; तेव्हा इथं दहांपैकी नऊ जगतात असं मी छातीठोक सांगणार नाही. पण वीज झेलून जिवंत असलेली माणसं आपल्या तालुक्यात आहेत, आपल्या सर्कलात आहेत, कदाचित आपल्याच गल्लीत आहेत. त्यांच्याबद्दल आपण एकच शब्द उच्चारतो आणि मोकळे होतो : वाचला.

या शब्दानं आपल्याला फार दिवस झोपवून ठेवलंय. आता उठायला पाहिजे.

आधी वावरात काय होतं ते नीट बघू. आपण म्हणतो, अंगावर ईज पडली. थेट अंगावर पडण्याचे प्रसंग फार थोडे, शंभरात तीन ते पाच. उरलेल्यांतले निम्म्याहून जास्त लोक सापडतात ते जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहात. वीज बांधावरच्या लिंबावर पडते, बुंध्यातून मातीत उतरते आणि तळ्यात दगड टाकल्यावर लाट पसरावी तशी चहूकडे पसरते. एक पाय झाडाच्या जवळ, दुसरा लांब, अशी ऐसपैस उभी असलेली व्यक्ती तिच्या वाटेत आली की प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. बैलाचे पुढचे न्‌ मागचे पाय माणसाच्या पावलांपेक्षा जास्त अंतरावर असतात, मधे काळीज असतं, म्हणून दावणीचं जनावर जागेवर पडतं आणि शेजारचा धनी उठून बसतो. तिसरी तऱ्हा झाडाच्या आडोशाला उभ्या असलेल्यांची. झाडातून उतरणारी वीज बाजूच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. पाऊस चुकवायला पाच जण एका झाडाखाली गोळा झाले, की एक ठार चार जखमी ही बातमी तिथंच तयार झाली म्हणून समजा.

हा सगळा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. प्रवाह बराचसा अंगावरून वाहून जातो, आत फार वेळ थांबत नाही. म्हणून तारेचा शॉक बसलेल्या माणसासारखं हातापायाचं मांस जळालेलं दिसत नाही. घाम किंवा पावसाचं पाणी अंगावर असेल तर त्याची क्षणात वाफ होते, सदरा फाटतो, चपला दूर फेकल्या जातात. गळ्यातल्या पोतीखाली, कमरेच्या करदोट्याखाली धातू तापून बारीक डाग उठतो. कधी छातीवर, पाठीवर तांबूस नक्षी उमटते, नेच्याच्या पानासारखी, फांदीला फांदी फुटत गेलेली. त्या नक्षीला जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांचं नाव आहे. त्यांनी १७७७ च्या सुमारास विजेच्या भारावर धूळ पडून तशीच नक्षी उमटताना पाहिली होती. ती भाजल्याची खूण नसते. काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत ती पुसून जाते. म्हणून सांगतो, अशी नक्षी दिसली की मोबाइल काढा आणि फोटो घ्या, तारीख-वेळेसकट. माणसाच्या अंगावर विजेनं स्वतःची सही केलेली असते आणि ती सही उद्या राहणार नाही. परवा जेव्हा टेबलापलीकडून कुणी विचारेल की वीज लागल्याचा पुरावा काय, तेव्हा तो फोटो बोलेल.

पुष्कळांचे पाय त्या वेळी गळतात. गार पडतात, निळसर होतात, टाचणी टोचली तरी कळत नाही. घरचे हंबरडा फोडतात. मग दोन-चार तासांत पायात जीव येतो. फ्रान्सचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या प्रकाराचं वर्णन करून ठेवलंय. विजेनं रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतू बधिर होतात, आणि बहुतेकदा ते आपोआप सुटतं. पाय परत आले की घरात साखर वाटायची तेवढी राहते. दुसऱ्या दिवशी सुट्टी. कागदावर लिहिलेलं असतं : प्रकृती स्थिर.

आणि इथून खरं दुखणं सुरू होतं, ज्याचा कागदच नसतो.

समजा, उमापूरच्या शिवारातली कापूस वेचणारी एक बाई आहे. नाव सांगत नाही, कारण अशी कुणीही असू शकते. सहा महिन्यांपूर्वी ती त्या चौघांत होती. आज ती सरीत उभी आहे, कमरेला ओटी बांधलेली. कापसाचं बोंड उमललं की त्याच्या पाकळ्या वाळून नखासारख्या टोकदार होतात. वेचणारीची बोटं त्या नखांच्या मधून कापूस अलगद ओढून घेतात, न बघता, गप्पा मारता मारता. हे कसब बोटांच्या शेंड्यांत असतं. आता तिची बोटं सांगत नाहीत की टोक कुठं आहे. एका हाताच्या तीन बोटांना मुंग्या, रात्री त्याच बोटांची आग. बोंडाला हात घातला की रक्त निघतं आणि ते रक्त तिला पांढऱ्या कापसावर दिसतं तेव्हा कळतं. जोडीच्या बाया दोन सऱ्या पुढं गेल्या. संध्याकाळी काटा होतो तेव्हा तिच्या गाठोड्याचं वजन निम्मं भरतं. वेचणीची मजुरी किलोवर. मुकादम काही बोलत नाही, पण पुढच्या आठवड्यात तिला बोलावणं येत नाही.

डॉक्टरी भाषेत याला मज्जातंतूंची इजा म्हणतात. ती लगेच दिसेल असं नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी डोकं वर काढते. मेंदूचा फोटो काढला तर पुष्कळदा त्यात काहीच सापडत नाही. कारण फोटोत मेंदूचा आकार दिसतो, काम दिसत नाही. हे कुणाला पटत नसेल तर विहिरीवरची मोटर आठवा. कडाडून वीज झाली, लाइन आली-गेली, सकाळी बघावं तर मोटर बाहेरून जशीच्या तशी. रंग तोच, पाइप तोच. स्टार्टर दाबला की नुसतं गुणगुणतं, पाणी चढत नाही. मिस्तरी उघडून बघतो न्‌ सांगतो, वाइंडिंग गेलं. आपण त्या मोटरीला कामचुकार म्हणत नाही. माणसाला म्हणतो.

सगळ्यात जास्त चटका बसतो तो डोक्याला. नवी गोष्ट ध्यानात राहत नाही. चार शब्दांच्या वाक्यातला तिसरा शब्द सापडत नाही. तव्यावर भाकरी टाकून बाई पाण्याला जाते न्‌ भाकरीचा कोळसा होतो. एका वेळी दोन कामं जमत नाहीत. फवारणीच्या पंपात औषधाचं किती माप टाकलं ते आठवेना म्हणून गडी दुसऱ्यांदा टाकतो, आणि ते किती घातक आहे हे शेतकऱ्याला सांगायला नको. डोकं ठणकतं. थोड्याशा कामानं अंग पार गळून जातं. राग नाकावर येतो. कधी न बोलणारा माणूस पोरावर हात उचलतो आणि मग एकटाच बसून रडतो. बायको म्हणते, ‘हे आधीचे नाहीतच.’ तिचं खरं असतं. विजेच्या माऱ्यानंतर स्वभाव पालटणं हे जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवलेलं लक्षण आहे. त्यात रोग्याचा दोष नाही आणि घरच्यांच्या नशिबाचाही नाही.

कानाचं तर फारच सोपं न्‌ फारच दुर्लक्षित. विजेचा कडाका इतक्या जवळून फुटतो की कानाचा पडदा फाटतो. दोन-चार दिवस कानात घूं घूं होतं, लोक म्हणतात राहील. लहान भोक असेल तर भरून येतंही. पण नाही आलं तर ऐकू कमी येतं, कान वाहतो, तोल जातो. शाळकरी पोराच्या बाबतीत मास्तर म्हणतात, याचं लक्ष नाही. त्याला ऐकूच येत नसतं. डोळ्यांत मोतीबिंदू धरतो, तो काही दिवसांनी किंवा दोन-तीन वर्षांनीही. तोवर ती वीज सगळे विसरलेले असतात. तिशीतल्या तरण्या माणसाला मोतीबिंदू कशानं झाला याचं नवल करत बसतात.

आणि रात्र. पश्चिमेकडं नुसतं आभाळ भरून आलं, लांब कुठं गुरगुरलं, की हा माणूस घराच्या मधल्या खणात जाऊन गुडघ्यात डोकं घालतो. पोरं हसतात. शेतकऱ्याला पावसाचंच भय वाटायला लागलं तर त्यानं जगायचं कशावर, हा प्रश्न मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो. मनाच्या या दुखण्यासाठी टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, १४४१६ हा तिचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. नंबर भिंतीवर लिहून ठेवा. डॉक्टरला दाखवण्याच्या बदली नव्हे, दाखवेपर्यंत आधार म्हणून.

आता आपल्याच घरातली झाडलोट करू. आपल्याकडं समजूत आहे की पायाळू माणसाकडं वीज ओढली जाते. पायाकडून जन्मलेला पोरगा, म्हणून आभाळ आलं की त्याला घराबाहेर जाऊ देत नाहीत. तिथवर ठीक, आभाळ आल्यावर कुणीच बाहेर जाऊ नये. पण वीज पडली की हीच समजूत उलटी फिरते. ‘पायाळू होता, त्याच्यामुळं झालं.’ जो मेला त्याच्या मरणाचं ओझं जो वाचला त्याच्या डोक्यावर. अरे, विजेला काय जन्माचा दाखला दिसतो? तिला उंची दिसते, एकटं झाड दिसतं, मोकळ्या रानात उभा माणूस दिसतो. आईच्या पोटातून डोकं आधी आलं की पाय, हे तिच्या लेखी कुठंच नाही.

दुसरी समजूत जीवघेणी आहे. वीज लागलेल्याच्या अंगात करंट राहतो, हात लावू नका. साफ खोटं. त्याच्या अंगात काहीही साठून राहत नाही. पहिल्या क्षणापासून त्याला हात लावता येतो. छत्तीसगड, झारखंडकडं तर अशा माणसाला शेणात किंवा मातीत गळ्यापर्यंत पुरून ठेवतात, वीज निघून जावी म्हणून. ज्या मिनिटांत छाती दाबायची ती मिनिटं शेण गोळा करण्यात जातात. वीज काळीज थांबवते, पण पुष्कळदा ते आपणहून पुन्हा सुरू होतं. श्वासाचं केंद्र मात्र उशिरा जागं होतं, आणि तेवढ्या वेळात हवा न मिळाल्यानं सुरू झालेलं काळीज दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून बाकीच्या अपघातांतला नियम इथं उलटा आहे. जो ओरडतोय, विव्हळतोय, तो बहुधा जगणार आहे. जो निपचित पडलाय, मेल्यासारखा, त्याच्याकडं आधी धावायचं. मात्र त्याआधी आपण स्वतः धोक्याच्या जागी नाही एवढं बघायचं, मग १०८ ला फोन, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाबणं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि येत असेल तर तोंडानं श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. मेंदूला हवा न मिळालेलं एकेक मिनिट पुढं वर्षानुवर्षांच्या दुखण्यात बदलतं. म्हणजे जन्मभराचं अपंगत्व टाळायचं काम त्या बांधावर, त्या चिखलात, आपल्याच हातांनी होतं. उमापूरच्या तालमीतल्या, क्रिकेटच्या मैदानावरच्या पोरांनो, हे शिकायला एक दुपार लागते. गणपती मंडळाच्या वर्गणीतून डीजे लावता, एक दुपार छाती दाबायच्या सरावाला द्या.

आता पैशाकडं येतो, कारण शेवटी कागद तिथंच अडतो. आपत्तीच्या मदतीचे केंद्र सरकारचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे निकष घ्या. त्यांतल्या आपत्तींच्या यादीत पूर आहे, गारपीट आहे, थंडीची लाटसुद्धा आहे, वीज नाही; ती राज्यांनी आपापल्या अखत्यारीत धरायची. आपल्या राज्यानं धरली, ते चांगलंच केलं. आता रकमा बघा. माणूस गेला तर वारसाला ४ लाख. साठ टक्क्यांवर अपंगत्व असेल तर अडीच लाख, चाळीस ते साठ टक्के असेल तर ७४ हजार. अपंगत्व कागदावर आलं नाही, नुसतं गंभीर जखमी होऊन दवाखान्यात राहिला, तर आठवड्यापेक्षा जास्त राहिल्यास १६ हजार, आठवड्यापेक्षा कमी राहिल्यास ५,४००.

त्याच निकषांत ओढकामाचा बैल दगावला तर ३२ हजार. दुभती म्हैस ३७,५००. शेळी ४ हजार.

बैलाला मिळतात ते कमी करा असं कुणी म्हणणार नाही. बैल म्हणजे घरचं माणूस आणि बाजारात तेवढ्यात जोडीतला एकही येत नाही. पण ज्या बाईच्या बोटांतलं कसब गेलं, जिचा कान गेला, जिची झोप गेली, ती दोन दिवस दवाखान्यात राहिली म्हणून तिची किंमत ५,४००, शेळीपेक्षा चौदाशे रुपये जास्त. आणि हे ५,४०० तरी किती जणांपर्यंत पोचतात, ते आपापल्या गावात विचारून बघा.

आपल्याच बीड जिल्ह्याच्या नेत्याच्या नावानं राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात वीज पडणंही येतं. मृत्यूला २ लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी २ लाख, एक गेला तर १ लाख. वाचून बघा : अवयव गेला पाहिजे. हात खांद्याला लोंबकळत असेल पण बोटांना संवेदना नसेल, डोकं धडावर असेल पण त्यात काल ठेवलेलं आज सापडत नसेल, तर ते कुठल्या रकान्यात बसवायचं? शिवाय ही योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्याची आणि त्याच्या घरातल्या आणखी एका माणसाची. दुसऱ्याच्या वावरात रोजानं वेचणीला गेलेल्या बिनजमिनीच्या बाईला तिचा काय उपयोग?

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मात्र आपल्या बाजूनं आहे. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. ऐकण्याचं, बघण्याचं, मनाच्या आजाराचं आणि मज्जासंस्थेच्या जुनाट दुखण्यांचं अपंगत्व त्यात येतं. चाळीस टक्के प्रमाणित झालं की दार उघडतं. पण प्रमाणित करायला तपासणी लागते, तपासणीला आधीचे कागद लागतात, आणि आधीच्या कागदावर एकच शब्द आहे : स्थिर. गोल फिरून आपण तिथंच येतो.

म्हणून माझं मागणं एका वाक्याचं आहे. जो वाचला त्याचीही नोंद झाली पाहिजे, आणि ती एकदाच होऊन भागणार नाही.

मोजल्यावरच दुखणं दिसतं, हे बीड जिल्ह्याला नवीन नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या, वर्षानुवर्षं, तरण्या वयात. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं, कारण बोलायला आकडा नव्हता. २०१९ साली आरडाओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जिल्ह्यात ८० हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा विधिमंडळाला ते दिसलं, दिल्लीला दिसलं. पाहणीच्या आधीही त्या बाया तिथंच होत्या, तेवढ्याच होत्या. मोजलं म्हणून दिसल्या. त्या प्रश्नाचं पुढं पुरतं भलं झालं असं मी म्हणत नाही. पण ‘असं काही नाहीच’ हे म्हणायची सोय सरकारची गेली, एवढं झालं.

दुसरं उदाहरण फार लांबचं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात स्टीव्ह मार्शबर्न नावाचा बँकेतला माणूस १९६९ साली खिडकीशी बसून काम करत होता. गाडीतून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायला तिथं ध्वनियंत्र असतं, त्यातून विजेनं त्याला गाठलं. घरात, छपराखाली, खुर्चीवर. पाठ कायमची दुखावली, डोकं दुखणं सुटेना, आणि तुला काही झालेलं नाही असं ऐकून ऐकून तो थकला. वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यानं आणि त्याची बायको जॉइस हिनं वीज आणि शॉकमधून वाचलेल्यांची संघटना काढली. माणसं जमली आणि बोलायला लागली. एकानं सांगावं, माझं नाव मला आठवत नव्हतं, आणि चार जणांनी हात वर करावेत, आमचंही. तिथं मेरी अॅन कूपर यांच्यासारख्या डॉक्टर आल्या आणि वीज लागल्यानंतरचं दुखणं हा अभ्यासाचा विषय झाला. रोग्यांनी डॉक्टरांना शिकवलं. आपल्याकडं बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत, वाचलेल्यांचा गट करायला कुणाची परवानगी लागत नाही.

तर करायचं काय? वीज टाळायची तर टाळाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अॅप आहे. तुमच्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठं कडाडतेय ते दाखवतं. ज्याच्याकडं मोबाइल आहे त्यानं बघावं आणि शेजारच्या वावरात हाळी द्यावी. अॅप नसेल तर आकडे मोजा : लखलखाट आणि गडगडाट यांत तीस आकडे पण झाले नाहीत तर काम टाका, पक्क्या घरात जा किंवा बंद काचांच्या गाडीत बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पत्र्याचं उघडं शेड, आखाड्यावरचं छप्पर, ऊसतोडीची कोपी, ट्रॅक्टर, यांतलं काहीच तुम्हाला वाचवत नाही. झाड तर मुळीच नाही. अंगणात विळा-कोयता फेकून वीज परत जात नाही. फेकायला बाहेर गेलेलाच सापडतो.

पण आज मी आलोय ते जे सापडून गेलेत त्यांच्यासाठी. पंचनाम्याला तलाठी आला की गेलेल्याच्या घरासमोर गर्दी असते. त्या गर्दीतल्या चार जणांनी त्याला थांबवायचं आणि म्हणायचं, भाऊसाहेब, जखमींची नावं पण लिहा, कुठं उभे होते ते लिहा, पाय गळाले होते ते लिहा. दवाखान्यातून सुट्टी घेताना कार्डावर ‘वीज पडून इजा’ हे शब्द लिहून घ्यायचे, नुसतं ‘अशक्तपणा’ चालवून घ्यायचं नाही. कानाची तपासणी त्याच आठवड्यात. डोळ्यांची लगेच, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं, पुढं दोन-तीन वर्षं. हातापायाला मुंग्या, आग, बधिरपणा असेल तर जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय नाहीतर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. वाटेत देवऋषी लागला तर नमस्कार करा न्‌ पुढं चला. मज्जातंतूंच्या आगीवर औषधं आहेत, ती साध्या दुखण्याच्या गोळ्यांपेक्षा वेगळी असतात आणि डॉक्टरनंच द्यायची असतात. फाटलेला पडदा शिवता येतो. मोतीबिंदू काढता येतो. झोप परत आणता येते. सगळंच भरून येणार नाही, पण ज्यावर इलाज आहे तेसुद्धा आज बिनइलाजाचं पडून आहे.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. वेचणी सुरू झालेली असते, परतीचा पाऊस डोक्यावर असतो, ऊसतोडीची टोळी अजून गावातच असते. त्या दिवशी पारावर भाषणं नकोत. दोनशे पानी एक वही आणा. आशाताईंना सोबत घ्या, शाळेतल्या एखाद्या मास्तरला लिहायला बसवा. उमापूर आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवर गेल्या वीस वर्षांत ज्याला ज्याला विजेनं शिवलं आणि तरी जो जिवंत आहे, त्याला बोलवा. तो येणार नाही, लाजेल, म्हणेल मला काय झालंय. त्याच्या घरी जा. नाव लिहा, तेव्हाचं वय लिहा, कुणाच्या वावरात आणि कुठल्या झाडाखाली ते लिहा, सोबत कोण होतं आणि कोण गेलं ते लिहा. दवाखान्यात किती दिवस, मदत किती मिळाली, लिहा. मग शेवटचा रकाना आखा, त्यावर मथळा घाला : आता कसं आहे? तो रकाना रुंद ठेवा. आणि विचारल्यावर लगेच पुढच्या घराकडं निघू नका, थोडं बसा. आठवायला त्यांना वेळ लागतो.